ड्युरल फिस्टुला: मेंदूच्या आवरणातील रक्तवाहिन्यांचा चुकीचा जोड, त्यावरचे उपचार आणि नंतरचे आयुष्य

रात्री घर शांत झाले की एका कानात ‘सूं... सूं...’ असा आवाज येतो आणि तो नाडीच्या ठोक्याबरोबर चालतो. किंवा एक डोळा महिनाभर लाल आहे, थेंब घालूनही बरा होत नाही. किंवा घरातले आजोबा चार-सहा महिन्यांत एकदम विसराळू आणि मंद झाले आहेत. या तीन तक्रारींचा एकमेकींशी संबंध असेल असे कोणाला वाटणार नाही. पण क्वचित या तिन्हींच्या मागे एकच आजार निघतो. मेंदूभोवतीच्या आवरणात एखादी धमनी थेट शिरेला जोडली गेलेली असते. या आजाराला ड्युरल आर्टिरिओव्हीनस फिस्टुला म्हणतात. रिपोर्टवर तो ‘डीएव्हीएफ’ असा लिहिलेला दिसेल.

मी न्यूरोसर्जन नाही, पुण्यात दवाखाना चालवणारा फॅमिली डॉक्टर आहे. पण असा रुग्ण सर्वात आधी आमच्याच खुर्चीसमोर बसतो आणि मोठ्या रुग्णालयातून जाडजूड फाइल घेऊन समजून घ्यायला परत आमच्याचकडे येतो. त्या दोन्ही वेळी उपयोगी पडावी अशी माहिती इथे दिली आहे.

थोडक्यात

• कवटीच्या आतील रक्तवाहिन्यांच्या चुकीच्या जोडण्यांपैकी साधारण १० ते १५ टक्के जोडण्या या प्रकारच्या असतात.
• बहुतेक रुग्ण पन्नाशी-साठीतले असतात. आजार सहसा जन्मजात नसतो, आयुष्यात पुढे कधीतरी तयार होतो.
• धोका किती, हे एका प्रश्नावर ठरते: रक्त मेंदूच्या स्वतःच्या शिरांमध्ये उलटे शिरते आहे का?
• शिरत नसेल तर अनेकदा वाट पाहता येते. शिरत असेल तर उपचार लांबवू नयेत.
• बहुतेक रुग्णांवर कवटी न उघडता, मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून उपचार होतात.

ड्युरल फिस्टुला म्हणजे काय?

‘फिस्टुला’ म्हटले की आपल्याकडे बहुतेकांना भगंदर आठवते. त्याच्याशी याचा काही संबंध नाही. दोन पोकळ्या किंवा दोन नळ्या यांच्यामध्ये तयार झालेला नको तो मार्ग म्हणजे फिस्टुला, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

तुमच्या ओळखीत कोणी डायलिसिसवर असेल तर त्यांच्या हातावरचा फिस्टुला तुम्ही पाहिला असेल. तिथे डॉक्टर मुद्दाम धमनी आणि शीर जोडतात. त्यावर बोटे ठेवली की घरघर जाणवते आणि शीर फुगून जाड झालेली दिसते. हाताची शीर हा दाब सोसू शकते. हाच जोड मेंदूच्या आवरणात आपोआप तयार झाला तर तो सोसायला तिथल्या शिरा तयार नसतात.

शाळेच्या पुस्तकात रोहिणी आणि नीला हे शब्द होते. रोहिणी म्हणजे हृदयाकडून जोराने रक्त नेणारी धमनी आणि नीला म्हणजे ते शांतपणे परत आणणारी शीर. या दोघींच्या मध्ये केसाहून बारीक केशवाहिन्यांचे जाळे असते आणि तिथे दाब उतरतो. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीचे पाणी नळातून, बेसिनमधून मग ड्रेनेजमध्ये जाते, तसेच हे. आता कल्पना करा की टाकीचा मोठा पाइप कोणीतरी थेट ड्रेनेजलाच जोडून दिला. ड्रेनेज मोकळे आणि रुंद असेल तर पाणी वाहून जाईल, फक्त पाइपात आवाज होईल. पण पुढे ड्रेनेज तुंबलेले असेल तर तेच पाणी उलटे फिरून खालच्या मजल्यांवरच्या न्हाणीघरांत येईल. ड्युरल फिस्टुलाचे दोन चेहरे नेमके असेच आहेत. काही रुग्णांना फक्त आवाज येतो, तर काहींच्या मेंदूत पाणी उलटे भरल्यासारखा दाब वाढतो.

मेंदूवर तीन आवरणे असतात. त्यातले सर्वात बाहेरचे आणि जाड आवरण म्हणजे ड्युरा. याच आवरणाच्या घडीत मेंदूचे रक्त बाहेर नेणारे मोठे पाट असतात, त्यांना व्हीनस सायनस म्हणतात. सर्दीत दुखणारे नाकाचे सायनस वेगळे, हे वेगळे.

एव्हीएम हा आजार यापेक्षा वेगळा

इंटरनेटवर शोधताना ‘ब्रेन एव्हीएम’ची माहिती समोर येते आणि गोंधळ होतो. एव्हीएममध्ये मेंदूच्या आतच रक्तवाहिन्यांचा गुंता असतो आणि तो बहुधा तरुणपणी लक्षात येतो. न फुटलेल्या एव्हीएमला हात लावावा की नाही, यावर ‘अरुबा’ नावाची मोठी चाचणी झाली आणि २०१४ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिच्या पाठपुराव्याच्या काळात फक्त औषधांवर ठेवलेल्या गटात मृत्यू किंवा पक्षाघाताचे प्रमाण कमी होते. ही चाचणी वाचून काही रुग्ण ड्युरल फिस्टुलाचे उपचारही टाळू पाहतात. तसे करू नका. ती चाचणी या आजारावर नव्हती.

हा जोड का तयार होतो?

अनेकदा नेमके कारण सापडत नाही. सापडते तेव्हा ते बहुधा पुढीलपैकी एक असते:

• मेंदूच्या मोठ्या शिरेत, म्हणजे व्हीनस सायनसमध्ये, पूर्वी झालेली रक्ताची गुठळी
• डोक्याला जोरदार मार किंवा कवटीचे फ्रॅक्चर
• पूर्वी झालेली मेंदूची किंवा कानाची शस्त्रक्रिया
• कानाचा किंवा त्याच्या मागच्या हाडाचा जुना जंतुसंसर्ग

गुठळीमुळे पाट बंद झाला की आवरणातल्या बारीक वाहिन्या रुंद होऊन रक्त दुसरा रस्ता शोधते आणि त्यातच असा जोड तयार होऊ शकतो. म्हणून गुठळी टाळणे हाही एका अर्थाने प्रतिबंध आहे. आपल्याकडे दोन गोष्टी खास लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट बाळंतपणाची. प्रसूतीनंतरचे काही आठवडे रक्त गोठण्याची प्रवृत्ती मुळातच वाढलेली असते. त्यात काही घरांत अजूनही बाळंतिणीला पाणी कमी देतात. शरीर कोरडे पडले की शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. बाळंतिणीला भरपूर पाणी द्या. बाळंतपणानंतर असह्य डोकेदुखी, झटके किंवा अंधुक दिसणे सुरू झाले तर ‘वारा लागला’ म्हणून थांबू नका.

दुसरी गोष्ट बी-१२ जीवनसत्त्वाची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पुणे शहर आणि आसपासच्या खेड्यांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी आढळले आणि ५८ टक्के पुरुषांत होमोसिस्टीन वाढलेले होते. होमोसिस्टीन वाढणे हा मेंदूच्या शिरेत गुठळी होण्याच्या ज्ञात धोक्यांपैकी एक आहे. याचा अर्थ बी-१२ कमी असलेल्या प्रत्येकाला फिस्टुला होईल असा मुळीच नाही. पण शाकाहारी घरात ही साधी रक्ततपासणी करून घेणे शहाणपणाचे आहे.

दुचाकीचा अपघात आणि डोळ्यामागचा जोड

पुणे दुचाकींचे शहर आहे, म्हणून याच्या एका जवळच्या नातलगाबद्दल सांगायला हवे. कॅरोटिड-कॅव्हर्नस फिस्टुला, म्हणजे ‘सीसीएफ’. मेंदूकडे जाणारी मोठी कॅरोटिड धमनी डोळ्यामागे असलेल्या कॅव्हर्नस नावाच्या शिरेच्या पोकळीतून जाते. डोके आपटून कवटीच्या तळाचे हाड मोडले तर ही धमनी फाटून रक्त थेट त्या पोकळीत जाते. डोळा बाहेर येतो, लालभडक होतो, पापणी सुजते, एकाचे दोन दिसते आणि डोक्यात धडधड ऐकू येते.

ही लक्षणे अपघाताच्या दिवशीच दिसतील असे नाही. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही ती सुरू होतात. तोवर रुग्ण घरी आलेला असतो आणि डोळ्याचा संबंध अपघाताशी कोणी जोडत नाही. डोक्याला मार लागल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत डोळा लाल होऊन पुढे येऊ लागला तर थेट मोठ्या रुग्णालयात जा.

हेल्मेटसक्तीवर पुण्यात किती वाद झाले ते सर्वांना माहीत आहे. डॉक्टर म्हणून मी एवढेच सांगेन: जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार हेल्मेटमुळे अपघातात डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

लक्षणे: जोड कुठे आहे त्यावर अवलंबून

• कानामागे असेल तर: नाडीच्या ठोक्यागणिक कानात आवाज, डोक्याच्या मागे दुखणे.
• डोळ्यामागे असेल तर: डोळा लाल होणे, पुढे येणे, पापणी सुजणे, एकाचे दोन दिसणे, डोळ्यातला दाब वाढून नजर कमी होणे. यातला आपोआप होणारा, हळू वाहणारा प्रकार पाळी गेलेल्या स्त्रियांत जास्त दिसतो.
• नाकाच्या वर, मेंदूच्या पुढच्या तळाशी असेल तर: आधी काहीच नाही, मग अचानक रक्तस्राव.
• मेंदूच्या शिरांत रक्त उलटे भरत असेल तर: झटके, बोलण्यात अडखळणे, हात-पाय दुबळे होणे, चाल बिघडणे, काही महिन्यांत वाढत गेलेला विसराळूपणा.

कानातला आवाज घरी ओळखायचा असेल तर मनगटावरची नाडी धरा. आवाज नाडीच्या तालावर येत असेल तर तो साध्या कान वाजण्यापेक्षा वेगळा आहे. त्याची इतर कारणेही आहेत: रक्तक्षय, थायरॉइड वाढणे, मानेतील धमनी अरुंद होणे, मधल्या कानातली गाठ. म्हणून घाबरू नका, पण तपासून घ्या. कानात कोमट तेल घालून हा आवाज जाणार नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे साठीतल्या एक काकू लाल डोळा घेऊन आल्या. डोळे आल्याची साथ होती. मी अ‍ॅलर्जीचे आणि जंतुनाशक थेंब दिले. तीन आठवड्यांनी त्या परत आल्या. डोळा तसाच लाल, चिकटा नाही, खाज नाही, आणि पांढऱ्या बुबुळावर वेड्यावाकड्या फुगलेल्या लाल रेषा. त्या सहज म्हणाल्या, “डॉक्टर, रात्री डोक्यात कोणीतरी शिवणयंत्र चालवतंय असं वाटतं.” तेव्हा कुठे मी डोळा मिटायला सांगून पापणीवर स्टेथोस्कोप ठेवला. आत ठोक्याठोक्याला फूस-फूस ऐकू येत होते. ते तीन आठवडे माझ्यामुळे गेले. तेव्हापासून थेंबांनी न बरा होणारा एकच लाल डोळा दिसला की मी स्टेथोस्कोप ठेवतोच. तुमच्या डॉक्टरांनाही तसे सुचवायला संकोच करू नका.

धोका कशावर ठरतो?

१९९५ मध्ये बॉर्डन आणि कोन्यार यांनी या आजाराच्या दोन वर्गवाऱ्या मांडल्या. आजही रिपोर्टवर त्यांचीच नावे येतात. बॉर्डन यांची विभागणी समजायला सोपी आहे.

• पहिला प्रकार: रक्त मोठ्या पाटात जाते आणि तिथून बाहेर पडते. मेंदूच्या शिरा सुरक्षित.
• दुसरा प्रकार: रक्त मोठ्या पाटात जाते, पण तिथून मेंदूच्या शिरांतही उलटे शिरते.
• तिसरा प्रकार: रक्त थेट मेंदूच्या शिरांमध्येच जाते.

रिपोर्टमधले आकडे कळले नाहीत तरी चालेल. ‘कॉर्टिकल व्हीनस रिफ्लक्स’ किंवा ‘कॉर्टिकल व्हीनस ड्रेनेज’ हे शब्द शोधा आणि डॉक्टरांना विचारा, “माझ्यात हे आहे का?” पुढचे सगळे त्या उत्तरावर अवलंबून आहे.

टोरोंटोमधील डॉक्टरांनी दोन्ही गटांचा पाठपुरावा करून २००२ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांच्यात रिफ्लक्स नव्हता, त्यांच्यापैकी सुमारे ९८ टक्के रुग्णांचा आजार सौम्यच राहिला. ज्यांच्यात रिफ्लक्स होता आणि उपचार झालेच नव्हते किंवा अर्धवट राहिले होते, त्यांच्यात दर वर्षी सुमारे ८ टक्के रक्तस्राव, ७ टक्के इतर मेंदूविकार आणि १० टक्के मृत्यू, असे प्रमाण आढळले. हा दुसरा गट फक्त २० रुग्णांचा होता. नंतरच्या अभ्यासांतून असेही दिसले की रिफ्लक्स असूनही अजून रक्तस्राव न झालेल्यांत धोका यापेक्षा बराच कमी असतो, वर्षाला दीड टक्क्याच्या आसपास. पण एकदा रक्तस्राव झाला की चित्र बदलते. १९९९ मधील एका फ्रेंच अभ्यासात, रक्तस्राव झालेल्या २० रुग्णांपैकी ३५ टक्के रुग्णांना पहिल्या दोन आठवड्यांतच पुन्हा रक्तस्राव झाला. म्हणून रक्तस्राव झालेल्या रुग्णाला ‘जरा बरे वाटले की बघू’ म्हणत घरी नेऊ नये.

तपासण्या

साधा सीटी स्कॅन रक्तस्राव दाखवतो, पण फिस्टुला त्यात सुटू शकतो. साधा एमआरआयसुद्धा कधी कधी नॉर्मल येतो. नाडीबरोबरचा आवाज असेल तर एमआरआयसोबत मेंदूच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी करायला सांगतात.

पक्के निदान डीएसए या तपासणीत होते. मांडीतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी मानेपर्यंत नेतात, एकेका धमनीत औषध सोडतात आणि क्ष-किरणांवर रक्ताचा प्रवास चित्रपटासारखा पाहतात. हृदयाची अँजिओग्राफी तुम्ही ऐकली असेल, ही तशीच, पण मेंदूची. यात कायमचा पक्षाघात होण्याचा धोका १ टक्क्याहून कमी असतो. जाण्यापूर्वी मूत्रपिंडाचे विकार, मधुमेहाच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधे आणि पूर्वीची अ‍ॅलर्जी यांची माहिती न विसरता द्या.

उपचार

१. लक्ष ठेवून वाट पाहणे

पहिल्या प्रकारात आवाज सोसवत असेल आणि डोळा सुरक्षित असेल तर उपचार न करता ठरावीक काळाने एमआरआय करतात. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आवाज अचानक बंद झाला तर ‘बरे झाले’ असे गृहीत धरू नका. जोड आपोआप बंद झालेला असू शकतो. पण पुढचा पाट बंद होऊन रक्ताने मेंदूकडे वाट वळवली असेल तरीही आवाज थांबतो. आवाज वाढला, बदलला किंवा थांबला, तिन्ही वेळा तपासणी पुन्हा करावी लागते.

२. मानेवर दाब देण्याचा उपचार

डोळ्यामागच्या हळू वाहणाऱ्या फिस्टुलात काही रुग्णांना मानेतील धमनीवर दिवसातून अनेकदा काही सेकंद दाब द्यायला शिकवतात. साधारण तीनपैकी एका रुग्णात याने जोड बंद होतो. दाब विरुद्ध बाजूच्या हाताने द्यायचा असतो, म्हणजे मेंदूला रक्त कमी पडले तर तोच हात दुबळा होऊन आपोआप खाली येतो. हा उपचार डॉक्टरांनी समोर बसवून शिकवल्याशिवाय कधीही करू नका. मानेच्या धमनीत चरबी साठलेली असेल, नजर घसरत असेल किंवा रिफ्लक्स असेल तर तो करतच नाहीत.

३. एम्बोलायझेशन

आज बहुतेक रुग्णांसाठी हाच मुख्य उपचार आहे. कॅथलॅबमध्ये, भूल देऊन, बारीक नळी जोडापर्यंत नेतात आणि तो आतून बुजवतात. धमनीच्या बाजूने गेल्यास ‘ऑनिक्स’ नावाचा द्रव किंवा वैद्यकीय ग्लू वापरतात. शिरेच्या बाजूने गेल्यास प्लॅटिनमच्या मऊ तारांची वेटोळी, म्हणजे कॉइल, भरतात. अपघातानंतरच्या सीसीएफमध्ये पूर्वी सुटा फुगा सोडत, ती पद्धत मॉस्कोचे डॉ. सेर्बिनेन्को यांनी १९७४ मध्ये मांडली. आता बहुधा कॉइल वापरतात.

यात कसब एकाच ठिकाणी लागते. औषध जोड ओलांडून शिरेच्या सुरुवातीपर्यंत पोहोचायला हवे. नुसती येणारी धमनी बंद केली तर शेजारच्या दहा बारीक धमन्या जागा घेतात आणि काही महिन्यांत आजार परत येतो.

धोकेही माहीत हवेत. औषध भलत्या धमनीत गेल्यास पक्षाघात, चेहऱ्याची किंवा डोळ्याची नस दुबळी होणे, नळी घातलेल्या जागी रक्त साकळणे हे होऊ शकते. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी, तुमच्या जोडाच्या जागेनुसार कोणता धोका जास्त आहे ते विचारा.

४. शस्त्रक्रिया

नाकाच्या वरच्या, मेंदूच्या पुढच्या तळाशी असलेल्या फिस्टुलाला रक्त पुरवणाऱ्या फांद्या डोळ्याच्या धमनीतून येतात. तिथे द्रव सोडला तर नजर जाण्याची भीती असते. अशा वेळी कवटी उघडून, मेंदूकडे जाणारी ती एक शीर क्लिप लावून तोडणे हा चांगला पर्याय ठरतो. नळीने पोहोचताच येत नसेल तेव्हाही शस्त्रक्रिया करतात.

५. गॅमा नाइफ

किरणांचा एकाग्र झोत जोडावर टाकतात. चिरा नसतो. पण जोड बंद व्हायला १ ते ३ वर्षे लागतात आणि साधारण ६० ते ६५ टक्के रुग्णांतच तो पूर्ण बंद होतो. म्हणून रक्तस्राव झालेल्यांसाठी हा पहिला उपचार नाही. मुंबईत हिंदुजा रुग्णालयात ही सोय आहे.

उपचाराने किती बरे होते?

ऑनिक्सचा वापर सुरू झाल्यावर, २००८ मध्ये, कोन्यार यांच्या गटाने धमनीतून उपचार केलेल्या ३० रुग्णांची माहिती दिली. त्यातल्या २४ रुग्णांचा, म्हणजे ८० टक्क्यांचा, जोड पूर्ण बंद झाला होता. अपघाताच्या सीसीएफमध्ये बंद होण्याचे प्रमाण साधारण याहूनही चांगले असते. काहींना दोन किंवा तीन बैठका लागतात. त्याला अपयश समजू नका.

जोड पूर्ण बंद झाला तर पुढच्या रक्तस्रावाची भीती जवळजवळ संपते. अर्धवट बंद झाला आणि रिफ्लक्स उरला, तर धोकाही उरतो. म्हणून उपचारानंतर विचारायचा प्रश्न “आवाज गेला का?” हा नाही. “रिफ्लक्स पूर्ण गेला का?” हा आहे.

तक्रारी किती भरून निघतात, ते त्या कशामुळे आहेत यावर अवलंबून असते. कानातला आवाज अनेकदा भुलीतून जागे होताच बंद झालेला असतो. शिरांतल्या दाबामुळे आलेला विसराळूपणा आणि मंद चाल काही आठवड्यांत ते महिन्यांत बरीच सुधारू शकते. स्मृतिभ्रंशासारखा दिसणारा पण बरा होऊ शकणारा हा थोड्या आजारांपैकी एक आहे. रक्तस्रावात मेंदूचा भाग निकामी झाला असेल किंवा नजर बराच काळ गेलेली असेल, तर ते पूर्ण परत येईलच असे नाही. घाई करायची ती यासाठीच.

उपचारानंतर काय अपेक्षा ठेवावी?

• ऑनिक्स वापरले असेल तर एक-दोन दिवस श्वासाला आणि अंगाला लसणासारखा वास येतो. तो त्यातल्या द्रावकाचा असतो. काळजी करू नका.
• डोळ्यामागचा जोड बंद केल्यावर पहिले काही दिवस डोळा उलट जास्त सुजू शकतो, कारण तिथल्या शिरेत रक्त गोठत असते. मात्र नजर कमी वाटली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.
• एकाचे दोन दिसणे जायला काही महिने लागू शकतात. तोवर गाडी चालवू नका.
• पुढच्या काही महिन्यांत पुन्हा डीएसए करायला सांगतात. बरे वाटते म्हणून ती चुकवू नका.
• कॉइल किंवा ऑनिक्स असले तरी पुढे एमआरआय करता येतो. डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवा आणि आधी सांगा.

वर सांगितलेल्या काकूंचे कॉइलिंग झाले. तिसऱ्या दिवशी डोळा आणखी सुजल्याचे पाहून त्यांच्या मुलाने घाबरून मला फोन केला. दोन आठवड्यांत लाली उतरली, शिवणयंत्र त्याच रात्री थांबले होते. एकाचे दोन दिसायचे थांबायला मात्र चार महिने गेले.

खर्च आणि योजना

खर्चाचा मोठा भाग साहित्याचा असतो: नळ्या, कॉइल, ऑनिक्स. किती कॉइल लागतील ते आधी नेमके सांगता येत नाही, म्हणून कमीत कमी आणि जास्तीत जास्त असा अंदाज लेखी मागा.

• आयुष्मान भारत योजनेच्या उपचार यादीत मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या नळीद्वारे उपचारांचा स्वतंत्र विभाग आहे. त्यात ड्युरल फिस्टुला आणि सीसीएफ दोन्ही येतात.
• महाराष्ट्रात ही योजना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसोबत राबवली जाते. संरक्षण प्रति कुटुंब दर वर्षी ५ लाख रुपयांपर्यंत आहे. रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ कुठे बसतात ते विचारा आणि रेशन कार्ड व आधार कार्ड सोबत न्या. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात हा विशिष्ट उपचार होतोच असे नाही, तेही आधीच विचारा.
• धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात भेटा.

रुग्णालय निवडताना इमारत पाहू नका. इंटरव्हेन्शनल न्यूरोरेडिओलॉजिस्ट, न्यूरोसर्जन आणि न्यूरो आयसीयू एकाच ठिकाणी आहेत का, ते पाहा. अवघड जोडासाठी दुसरे मत घ्यायला हरकत नाही. मुंबईचे केईएम, त्रिवेंद्रमची श्री चित्रा संस्था आणि बंगळुरूचे निम्हान्स इथे अशा रुग्णांचा मोठा अनुभव आहे. मात्र रक्तस्राव झालेला असताना प्रवासात दिवस घालवू नका.

ताबडतोब १०८ ला फोन करा किंवा रुग्णालयात जा, जर:

• आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी क्षणात सुरू झाली
• झटका आला किंवा शुद्ध हरपली
• हात-पाय दुबळे झाले, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले
• लाल डोळ्याची नजर कमी होऊ लागली

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हा आजार मुलांना होईल का?
सहसा नाही. हा आनुवंशिक आजार नाही.

औषधांनी किंवा काढ्याने जोड बंद होतो का?
नाही. गोळ्या झटके, दुखणे आणि डोळ्यातला दाब आटोक्यात ठेवतात. जोड तसाच राहतो.

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत. बंद करू का?
स्वतः बंद करू नका आणि स्वतः सुरूही करू नका. पूर्वी गुठळी झालेल्यांना त्या लागू शकतात. निर्णय तुमच्या न्यूरो डॉक्टरांचा.

उपचार ठरेपर्यंत व्यायाम करू का?
चालायला हरकत नाही. खबरदारी म्हणून शीर्षासन, जड वजन उचलणे आणि श्वास कोंडून जोर करणे टाळा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नका.

शेवटी

दवाखान्यातून निघताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. नाडीच्या तालावर वाजणारा कान आणि थेंबांनी बरा न होणारा एकच लाल डोळा तपासून घ्या. निदान झाले तर रिफ्लक्स आहे का ते विचारा. आणि उपचारानंतरची तपासणी चुकवू नका.

हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या स्कॅनवर काय दिसते आणि तुमच्यासाठी कोणता उपचार योग्य, ते तुम्हाला तपासणारे डॉक्टरच सांगू शकतात.